मांडवात जागणारा माणूस ऑफिसात का पेंगतो?

गिरगावात, खोताच्या वाडीच्या आसपास राहणाऱ्या कुणालाही हा माणूस ओळखीचा वाटेल. नोकरी नरिमन पॉइंटला किंवा बीकेसीत. सकाळी निघताना चेहरा ओढलेला, दुपारनंतर डोळे घड्याळाकडे, आणि साहेबांनी जास्तीचं काम सांगितलं की ‘ते माझ्याकडे येत नाही’ हे उत्तर तयार. भाद्रपद जवळ आला की हाच माणूस रात्री अकरानंतर मांडवात उभा असतो. पावतीपुस्तक घेऊन चाळींचे जिने चढतो, बांबू धरतो, विजेच्या माळा एकेक करून तपासतो आणि पहाटे दोनला घरी जातो. याचे त्याला पैसे मिळत नाहीत, उलट खिशातले जातात. वाडीतल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत नाताळच्या आधीच्या रात्री अशाच जागतात. जवळच्या केशवजी नाईक चाळीत तर १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव चालू आहे, तोही पिढ्यान्‌पिढ्यांच्या बिनपगारी कष्टांवर.

ऑफिसातला साहेब म्हणेल, ‘माणूसच आळशी.’ मंडळाचा अध्यक्ष म्हणेल, ‘हिरा आहे हिरा.’ माणूस एकच आणि स्वभावही एकच. म्हणजे दोन्हीकडच्या वागण्यातला फरक स्वभावातून आलेला असू शकत नाही. तो कुठून येतो, हे शोधणाऱ्या शास्त्राला औद्योगिक आणि संघटनात्मक मानसशास्त्र म्हणतात. मुंबई विद्यापीठात मानसशास्त्र घेऊन बी.ए. करणाऱ्यांना हा विषय तिसऱ्या वर्षाला वर्षानुवर्षं शिकवला गेला आहे. पाठ्यपुस्तकं बहुतेक अमेरिकन असल्याने उदाहरणं शिकागोच्या कारखान्यांची येतात. खरं तर या विषयातलं जवळजवळ प्रत्येक प्रकरण गिरगावपासून लालबागपर्यंतच्या तीन-चार मैलांत प्रत्यक्ष घडून गेलं आहे. म्हणून इथे तो विषय गिरणगावाच्या, म्हणजे मुंबईच्या कापड गिरण्यांच्या भागाच्या, वाटेने समजून घेऊ.

गिरणीवाला दांड्या का मारायचा?

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये काढली, तीही गिरगावला लागूनच असलेल्या ताडदेवला. पुढे गिरण्या वाढल्या आणि मालकांची एक तक्रार कायमची झाली: कामगार दांड्या मारतो, वेळी-अवेळी बाहेर जाऊन विडी ओढत बसतो, शिमग्याला आणि पेरणीला गावी पळतो. याचं कारण असं सांगितलं जाई, की हा मुळात शेतकरी, याला यंत्राची शिस्त नाही.

दुसऱ्याच्या वागण्याचं कारण शोधताना आपण त्याच्या स्वभावाकडे बोट दाखवतो आणि परिस्थिती नजरेआड करतो. स्वतःच्या बाबतीत मात्र परिस्थिती आपल्याला लगेच आठवते. ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये या सवयीला मूलभूत आरोपण-दोष असं नाव दिलं. या अभ्यासक्रमात शिरताना पहिल्यांदा ही सवय सोडावी लागते.

आता गिरणीतली परिस्थिती पाहा. सुरुवातीच्या काळात पाळी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चाले. विजेचे दिवे आल्यावर काही गिरण्यांत ती पंधरा तासांपर्यंत गेली. रुईची धूळ, दमट हवा, कानठळ्या बसवणारे साचे, म्हणजे माग, आणि नेमून दिलेली विश्रांती जवळजवळ नाहीच. अशा वेळी कामगार स्वतःची विश्रांती स्वतः काढून घेई आणि मालक तिला कामचुकारपणा म्हणे. पगार उशिरा होई. नोकरी कधी जाईल याचा भरवसा नव्हता, म्हणून कोकणातली शेती आणि घर सांभाळणं हाच त्याचा विमा होता. मॉरिस डी. मॉरिस यांनी १९६५ मध्ये आलेल्या मुंबईच्या गिरण्यांवरच्या ग्रंथात ‘कामगार गावाकडे ओढलेला, म्हणून उद्योगाला नालायक’ ही समजूत खोडून काढली. इतिहासकार राजनारायण चंदावरकरांनी पुढे दाखवलं की गावाशी असलेलं नातं हा शहरात टिकून राहण्याचाच एक भाग होता.

कारण परिस्थितीत असेल तर परिस्थिती बदलल्यावर वागणं बदलायला हवं. नागपुरात एकाने हे करून पाहिलं होतं. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिथेही गैरहजेरी मोठी होती. दंडाचा मार्ग तेव्हा सर्रास होता. तिथे मात्र हवा खेळती राहावी, दमटपणा आटोक्यात राहावा याची सोय झाली, बक्षिसं सुरू झाली, १८८६ मध्ये निवृत्तीसाठी निधी आला आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई. कुठल्याही विद्यापीठात हा विषय शिकवला जाण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. कामगाराला ‘उद्या’ दिसला की तो उद्या कामावर येतो, एवढा साधा हिशेब त्यामागे होता.

मुकादमाने आणलेला माणूस

दुसरा प्रश्न निवडीचा. मुंबईच्या गिरण्यांत माणूस भरायचा तो जॉबर, म्हणजे मुकादम. तो आपल्या गावचा, जातीचा, ओळखीचा माणूस आणी. नोकरी लावण्याबद्दल दस्तुरी घेई, कधी नोकरी टिकवण्याबद्दलही. १९३१ मध्ये आलेल्या, कामगारांविषयीच्या व्हिटले आयोगाच्या अहवालाने या पद्धतीवर कडक टीका केली. रोज सकाळी गिरणीच्या दारात बदलीवाल्यांची गर्दी असे. कोण आलं नाही ते पाहून जॉबर बोट दाखवी आणि ज्याच्याकडे बोट जाईल तो आत जाई. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली नियंत्रण योजना आणली. ठरावीक संख्येच्या बदलीवाल्यांना कार्डं द्यायची आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या, म्हणजे जॉबरच्या मर्जीला थोडा लगाम बसेल.

ओळखीवर नोकरी मिळणाऱ्या शहरात आपण कोण हे ठसवणं भागच होतं. खोताच्या वाडीतल्या ख्रिस्ती रहिवाशांचा समाजही यातून गेला आहे. उत्तर कोकणातले हे मूळचे ख्रिस्ती. गोवा आणि मंगळूरहून मुंबईत नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती मंडळींहून आपण वेगळे आहोत हे सरकारदरबारी आणि कंपन्यांना कळावं, म्हणून त्यांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं.

मानसशास्त्र निवडीच्या कुठल्याही पद्धतीला दोन प्रश्न विचारतं. वाण्याच्या तराजूवर एकच नारळ तीनदा ठेवला आणि तिन्ही वेळा वेगळं वजन आलं, तर तराजूवर विश्वास ठेवता येत नाही. ही झाली विश्वसनीयता. तिन्ही वेळा वजन सारखंच आलं, पण आपल्याला नारळात पाणी किती आहे ते हवं होतं, तर तराजू बरोबर असूनही उपयोगाचा नाही. ही झाली वैधता. मुकादमाची निवड दोन्हीकडे लंगडी होती. दुसऱ्या मुकादमाने तोच माणूस घेतला नसता, आणि ‘आपला माणूस’ असण्याचा तुटलेला धागा चटकन जोडण्याशी काही संबंध नव्हता.

आजची गप्पांच्या ओघात होणारी मुलाखतही याच रोगाने ग्रासलेली आहे. समोरचा आपल्यासारखं बोलतो, आपल्याच कॉलेजातला निघतो, की तो आपल्याला हुशार वाटू लागतो. संशोधनाने यावर दोन उपाय चांगले ठरवले आहेत. एक, आधी कामाचं विश्लेषण करायचं: या कामात दिवसभर नेमकं काय करावं लागतं, त्याला काय यावं लागतं. मग सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारायचे आणि गुण कसे द्यायचे ते आधी ठरवून ठेवायचं. याला संरचित मुलाखत म्हणतात. दुसरा उपाय, त्या कामाचा नमुनाच करून घ्यायचा. विणकर हवा असेल तर त्याला साच्यापुढे उभं करून गाठ मारायला सांगायची. हे दोन्ही उपाय कित्येक वर्षांपासून माहीत आहेत आणि तरीही असंख्य ऑफिसांत ‘स्वतःबद्दल सांगा’ यावरच नोकऱ्या दिल्या जातात, याचं मला फार वाईट वाटतं. त्यात नुकसान होतं ते बुजऱ्या पण कामाला चोख मुलामुलींचं.

साडेसहा ते सूर्यास्त

थकवा हे या विषयातलं एक जुनं प्रकरण. इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामाचे तास बेसुमार वाढले, तेव्हा १९१५ मध्ये त्याची चौकशी करायला समिती नेमली गेली. तिच्यासाठी एच. एम. व्हर्नन यांनी उत्पादनाच्या नोंदी तपासल्या आणि दाखवून दिलं की आठवड्याचे तास कमी केल्यावर एकूण उत्पादन घटत नाही, काही ठिकाणी ते वाढतंच. थकलेला हात हळू चालतो, चुका करतो, अपघात ओढवून घेतो. शिवाय दिवस लांब आहे हे ठाऊक असलं की माणूस सकाळपासूनच शक्ती राखून काम करतो.

याच्या एकतीस वर्षं आधी, १८८४ मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातल्या मागण्या अशा: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, त्यापुढे नाही, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचा जायबंदी झाल्यास पोटापाण्याची सोय. साप्ताहिक सुट्टी, विश्रांतीचे थांबे, कामाचे तास, वेतनाची निश्चिती, सुरक्षितता: आजच्या पाठ्यपुस्तकातली ही प्रकरणं लोखंडे यांनी एका अर्जात मांडली होती. त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. गिरणीत नोकरी केल्याचा अनुभव होता आणि सत्यशोधकी विचाराने दिलेली नजर होती. रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मंजूर झाली. मानसशास्त्राच्या इतिहासात लोखंडे यांचं नाव येत नाही. ते यायला हवं असं माझं ठाम मत आहे.

कामाचे पाच गुण

तास मर्यादेत आले, पगार वेळेवर झाला, माणूसही योग्य निवडला. तरी ऑफिसातला आपला माणूस पेंगतोच. कारण आता प्रश्न खुद्द कामाच्या घडणीचा आहे. रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम यांनी १९७० च्या दशकात कामाची घडण तपासण्यासाठी पाच कसोट्या दिल्या.

| चौकट: काम तपासायच्या पाच कसोट्या |
|---|
| वैविध्य: कामात वेगवेगळी कौशल्यं लागतात का? |
| पूर्णता: सुरुवातीपासून शेवटपर्यंतचं काम माझ्या हातून होतं का, की मधला एकच तुकडा? |
| महत्त्व: माझ्या कामाने कुणाला काही फरक पडतो का? |
| स्वायत्तता: कसं आणि कधी करायचं, हे मी ठरवू शकतो का? |
| प्रतिसाद: काम बरं झालं की वाईट, हे कामातूनच मला लगेच कळतं का? |

मांडवातल्या माणसाला या कसोट्या लावून पाहा. तो वर्गणी मागतो, वायरिंग बघतो, रांग सांभाळतो. पाटपूजनापासून गिरगाव चौपाटीच्या विसर्जनापर्यंत सगळं त्याच्या डोळ्यांसमोर घडतं. उत्सव अख्ख्या गल्लीचा आहे. माळ कुठून कशी न्यायची ते तोच ठरवतो. आणि ती लागली नाही तर खाली उभे असलेले दहा जण त्याच क्षणी ओरडून सांगतात. ऑफिसात हाच माणूस दिवसभर बिलांचे आकडे एका खान्यातून दुसऱ्या खान्यात भरतो. ती बिलं कुठून आली आणि पुढे कुठे जातात हे त्याला ठाऊक नाही. काम कसं केलं ते वर्षातून एकदा, मार्च महिन्यात कळतं.

यातला बारकावा गणिताचा आहे. पहिल्या तीन कसोट्यांच्या गुणांची सरासरी काढतात आणि तिला स्वायत्ततेने व प्रतिसादाने गुणतात. गुणाकारात एक आकडा शून्याजवळ गेला की उत्तरही शून्याजवळ जातं. म्हणून काम कितीही वैविध्याचं आणि महत्त्वाचं असलं, तरी प्रत्येक पाऊल विचारून टाकावं लागत असेल तर माणूस त्यातून मन काढून घेतो. हॅकमन आणि ओल्डहॅम यांनी एक मर्यादाही सांगून ठेवली आहे: कामातून वाढावं अशी ओढ प्रत्येकाला सारखी नसते, त्यामुळे परिणामही सगळ्यांवर सारखा दिसत नाही.

गिरणीतला प्रतिसाद कसा होता पाहा. विणकर ताका विणून देई. तो पुढच्या खात्यात तपासला जाई. दोष निघाला तर खराब कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापायची पद्धत मुंबईच्या अनेक गिरण्यांत होती. सूत निकृष्ट होतं, साचा जुना होता, की नजर चुकली, हे ठरायच्या आत पैसे गेलेले असत. असा उशिरा आणि शिक्षेच्या रूपाने आलेला प्रतिसाद माणसाला काहीच शिकवत नाही. त्यातून उरतो तो फक्त राग.

अहमदाबादचं साचेखातं

कामाची घडण बदलून काय होतं याचा जगभर गाजलेला प्रयोग १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये झाला. अहमदाबाद तेव्हा मुंबई राज्यातच होतं. गौतम साराभाईंच्या या गिरणीत नवे स्वयंचलित साचे बसवले होते, पण उत्पादन अपेक्षेइतकं येत नव्हतं. लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस सल्लागार म्हणून आले.

त्यांनी खात्यात उभं राहून पाहिलं. २२४ साचे आणि २९ माणसं, पण कामांची नावं डझनभर. तुटलेले धागे सांधणाऱ्या विणकराकडे दोन-तीन डझन साचे. साच्याच्या बॅटरीत सुताच्या कांड्या भरणाऱ्याकडे चाळीस-पन्नास. ताणा मोठ्या प्रमाणात तुटला तर तो सांधणाऱ्याकडे त्याहून जास्त. तेलवाला, झाडूवाला, कापड वाहून नेणारा, जॉबर, प्रत्येकाची हद्द वेगळी. परिणाम असा की एका विणकराच्या साच्यांवर आज एक बॅटरीवाला, तर पलीकडच्या रांगेत दुसरा. साचा थांबला तर तो नेमका कुणामुळे थांबला हे सांगता येत नसे आणि कुणाच्याच मनात ‘आमचे साचे’ अशी भावना नव्हती. माणसं एका छपराखाली होती, पण संघ म्हणून नव्हती.

राइस यांनी सुचवलेलं सोपं होतं. साठ-पासष्ट साचे एका गटाकडे द्यायचे आणि गटात साधारण सात माणसं ठेवायची. आत काम कसं वाटायचं ते त्यांनी बघायचं. कल्पना ऐकताच कामगार आणि जॉबर आपसात बोलले आणि कुणाबरोबर काम करायचं ते ठरवून त्यांनी स्वतःच गट बांधून दिले. वरून याद्या आल्या नाहीत. घडी बसायला वेळ लागला. सुरुवातीला घाईत कापड बिघडलं, साच्यांच्या देखभालीकडे दुर्लक्ष झालं, मग त्यावर तोडगे निघाले. शेवटी उत्पादन आधीपेक्षा वरच्या पातळीवर स्थिरावलं आणि खराब कापड घटलं. यंत्रं तीच होती आणि माणसंही तीच. यंत्र आणि माणसांचे संबंध या दोन्हींची रचना एकत्र करावी लागते, या विचाराला सामाजिक-तांत्रिक दृष्टी म्हणतात. राइस यांनी १९५८ मध्ये यावर पुस्तक लिहिलं.

आता याच्याशेजारी मुंबईचा १९२८ सालचा संप ठेवा. ई. डी. ससून गटाच्या गिरण्यांनी विणकरांना दोनाऐवजी तीन साचे चालवायला सांगितलं होतं. नाव ‘कार्यक्षमता’. सूत सुधारलं का, मदतनीस मिळेल का, किती जण घरी बसतील, हे प्रश्न विणकराला कुणी विचारले नाहीत. एप्रिल ते ऑक्टोबर सुमारे दीड लाख कामगार संपावर होते आणि त्याच धामधुमीत गिरणी कामगार युनियन उभी राहिली. अहमदाबादलाही माणसागणिक साचे जुन्या साच्यांच्या मानाने पुष्कळच होते. पण तिथे कामाची वाटणी कामगारांच्या हातात होती आणि कमाईही वाढली.

अहमदाबादचं यश कायमचं मात्र नव्हतं. टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर यांनी १९७० मध्ये पुन्हा जाऊन पाहिलं, तेव्हा एका साचेखात्यात गटपद्धत जवळजवळ जशीच्या तशी टिकलेली होती, इतरत्र मात्र ती झिजली होती. बाजार बदलला, व्यवस्थापनाचा दबाव वाढला, की गटाला दिलेला अधिकार हळूहळू परत काढून घेतला जातो.

किती मिळतं, आणि कुणाच्या मानाने

कामाची घडण सुधारली म्हणजे सगळं झालं, असं या शास्त्राच्या नावाने सांगणारे सल्लागार आज पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी अभ्यासक्रमातलं आणखी एक प्रकरण महत्त्वाचं आहे. जे. स्टेसी अ‍ॅडम्स यांनी १९६३ मध्ये समन्यायाचा सिद्धान्त मांडला. माणूस नुसता पगार मोजत नाही. आपण काय घालतो आणि काय मिळतं याचं प्रमाण तो काढतो आणि ते दुसऱ्याच्या प्रमाणाशी ताडून पाहतो. प्रमाण बिघडलेलं वाटलं तर तो कष्ट कमी करतो, नोकरी सोडतो, तुलना दुसऱ्याशी करू लागतो, किंवा एकत्र येऊन ते प्रमाण बदलायला जातो.

१८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा ही तुलना गिरणगावच्या प्रत्येक घरात होत होती. सामंतांनी इंजिनीअरिंग कारखान्यांत मिळवून दिलेल्या पगारवाढी कामगारांना माहीत होत्या. त्याच चाळीतला, तेवढंच शिकलेला शेजारी मोटारींच्या कारखान्यात जास्त कमावत होता. शिवाय गिरणीच्या आतही एक तुलना रोज चालायची. त्याच साच्यावर, त्याच पाळीत, तेच काम करणारा कायम कामगार आणि बदलीवाला. एकाला रजा, नोकरीची शाश्वती. दुसरा वर्षानुवर्षं दारात उभा, आज काम मिळेल की नाही या विवंचनेत.

या प्रमाणावर कामाच्या घडणीचा इलाज चालत नाही. आजही कंत्राटी आणि कायम माणूस शेजारीशेजारी बसतो तिथे कंपनी ताणतणावाचं शिबिर भरवते. त्या शिबिरात श्वासाचे व्यायाम शिकवले जातात आणि वेतनपत्रक होतं तसंच राहतं. ८२ च्या संपात कामगारांनी पगारवाढीच्या बरोबरीने बदलीवाल्यांना कायम करा, असं मागितलं होतं आणि आपल्या वतीने बोलणारी युनियन निवडण्याचा हक्कही मागितला होता. कारण १९४६ च्या कायद्याखाली कामगारांच्या वतीने बोलण्याचा मान राष्ट्रीय मिल मजदूर संघ या एकाच युनियनकडे होता. मांडवातल्या माणसाला काम कसं करायचं ते ठरवता येतं, एवढंच नाही; न पटणाऱ्या अध्यक्षाला पुढच्या वर्षी बदलताही येतं. गिरणी कामगार १९८२ मध्ये हेच मागत होते.